पिक रनमध्ये प्लाझ्मा आपोआप तापतोय? तपासणी कुठून सुरू करायची

वरच्या वातावरणातल्या प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचे, कण-सिम्युलेशन करणाऱ्या मुलामुलींकडून मला वर्षानुवर्षं एकच तक्रार येते: "ताई, काहीच लावलं नाहीये, तरी इलेक्ट्रॉन तापतायत." मी मुंबईत एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे पार्टिकल-इन-सेल रन बघून देते. त्यात डबा छोट्या सेलच्या ग्रिडमध्ये विभागतात आणि वेळेच्या छोट्या पावलांनी कण पुढे सरकवतात. आम्ही नुसतं 'पिक' म्हणतो. बहुतेक रन विषुववृत्तीय आयनांबराच्या ई थराचे असतात, म्हणजे जमिनीपासून शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीचे. तिरुनेलवेलीच्या जवळून चुंबकीय विषुववृत्त जातं, तिथे दिवसा याच उंचीवरून इलेक्ट्रोजेट नावाचा विजेचा प्रवाह वाहतो आणि त्यात फार्ली-बुनेमन अस्थिरता, म्हणजे त्या प्रवाहामुळे आपोआप उठणाऱ्या लाटा, वाढते. डोनाल्ड फार्ली आणि ऑस्कर बुनेमन या दोघांनी १९६३ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. रन तिच्यासाठी लावलेला असतो आणि हाती भलतंच काही येतं.

लक्षणं

एकूण ऊर्जेची रेघ सरळ, संथपणे चढत राहते आणि थांबायचं नाव घेत नाही.

तापमान आधी भराभर चढतं आणि मग एका पातळीवर सपाट होतं. हे सगळ्यात फसवं लक्षण आहे. खरी अस्थिरता वाढून थांबते तेव्हाही आलेख हुबेहूब असाच दिसतो.

पहिल्या शे-दोनशे पावलांतच आकडे फुगतात आणि फाइलभर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', दिसू लागतं.

ऊर्जेच्या रेघेवर करवतीच्या दातांसारखी बारीक थरथर दिसते, किंवा ठरावीक ठिकाणी पायरी चढल्यासारखी उडी दिसते.

घनतेच्या चित्रात सरळ उभ्या-आडव्या रेघा उमटतात.

ऊर्जा चढायच्या ऐवजी उतरते. ही तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही, कारण उतरती रेघ बघून बरं वाटतं. पण तोही दोषच आहे.

यातलं कोणतं लक्षण आहे ते कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी त्यावरून ठरते. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत फिल्टर, स्मूदिंग असलं काही लावू नका. त्याने रेघ सपाट होते, दोष मात्र आत तसाच राहतो आणि नंतर सापडत नाही.

पहिली तपासणी: मोजणाराच चुकत नाही ना?

याला क्लस्टरचा (रन चालवणाऱ्या संगणकांच्या समूहाचा) एक मिनिटही वेळ लागत नाही, म्हणून ही पहिली. प्लाझ्मा तापला असं म्हणण्याआधी तापमान काढणारा तुकडा बघा.

ऊर्जेची बेरीज कोणत्या प्रकारच्या चलात होते आहे? सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या चलात, एक-एक मिळवत गेलात तर बेरीज १,६७,७७,२१६ वर अडकते. पुढे कितीही वेळा एक मिळवा, आकडा हलत नाही, कारण त्या चलात २४ बिटांइतकीच अचूकता असते. आता आपला आकार बघा. दहा मीटर बाय दहा मीटरचा डबा, एक सेंटिमीटरचा सेल, म्हणजे १० लाख सेल. प्रत्येक सेलमध्ये १०० कण धरले तर १० कोटी कण झाले. इतक्यांची बेरीज सिंगलमध्ये केली तर ती खोटी येणारच. 'ऊर्जा उतरते' म्हणून माझ्याकडे आलेल्या रनमध्ये हे कारण मला सर्वांत जास्त वेळा सापडलं आहे. कणांचे वेग सिंगलमध्ये राहू द्या, बेरजेचं चल तेवढं डबल (६४ बिटांचं) करा.

करवतीचे दात दिसत असतील तर अर्ध्या पावलाचा घोळ असतो. कण पुढे सरकवण्याच्या नेहमीच्या लीपफ्रॉग पद्धतीत स्थान पूर्ण पावलावर असतं आणि वेग अर्ध्या पावलावर. गतिज ऊर्जा अर्ध्या पावलावरची आणि विद्युतक्षेत्राची ऊर्जा पूर्ण पावलावरची घेऊन दोन्ही मिळवल्या, की बेरीज थरथरते. मागच्या आणि पुढच्या अर्ध्या पावलावरच्या वेगांचा गुणाकार घेऊन गतिज ऊर्जा काढा, थरथर बरीचशी जाते. तसंच सुरुवातीला सगळ्या कणांचे वेग अर्धं पाऊल मागे ढकलले आहेत की नाही तेही बघा. नवीन कोडमध्ये ही ओळ राहून गेलेली मी किती वेळा पाहिली आहे.

आयनांसाठी आणखी एक. ३०० केल्विनला नायट्रिक ऑक्साइडच्या आयनाचा औष्णिक वेग जेमतेम २९० मीटर प्रति सेकंद असतो. लाटेबरोबर आयनांचा सगळा घोळका हलतो, तो वेगही याच्या तोडीचा होऊ शकतो. तापमान काढताना प्रत्येक सेलमधला सरासरी वेग आधी वजा केला नाही, तर लाटेची हालचालच उष्णता म्हणून मोजली जाते.

दुसरी तपासणी: इनपुट फाइल आणि एकक

कागद, पेन्सिल, दहा मिनिटं. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन. त्यामुळे ३०० केल्विनचे ०.०२६ होतात, ०.२६ नव्हे. दक्षिण भारतावर १०५ किलोमीटर उंचीला चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.३८ गॉस असतं, टेस्लामध्ये त्याला दहा हजाराने भागायचं. घनता घन सेंटिमीटरला दिली आहे की घनमीटरला? या दोघांत दहा लाखांचा फरक आहे. एकक चुकलं तर रन बहुधा झटक्यात फुटतो, म्हणून 'नॅन'वाल्यांनी इथेच जास्त वेळ द्यावा.

माझा एक आग्रह असतो. कोड सुरू होताना त्याने डीबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे एका कणाचा विद्युतभार बाकीचे कण झाकून टाकतात), प्लाझ्मा वारंवारता (इलेक्ट्रॉनांच्या आपल्याआप होणाऱ्या थरथरीची), औष्णिक वेग आणि चक्रगती वारंवारता (चुंबकीय क्षेत्राभोवती कण फिरण्याची) स्वतः काढून छापली पाहिजे. चार ओळींचं काम आहे. ते चार आकडे वाचल्याशिवाय जॉब क्यूमध्ये टाकायचा नाही.

तिसरी तपासणी: सेल केवढा, पाऊल केवढं

इथे थोडं थांबते, कारण 'तापून सपाट' होणारे बहुतेक रन इथेच सापडतात.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला पनवेलच्या एका विद्यार्थिनीचा व्हॉट्सअ‍ॅपवर प्लॉट आला. खाली लिहिलं होतं, "ताई, इन्स्टॅबिलिटी आली!" इलेक्ट्रॉनचं तापमान ३०० केल्विनपासून निघून साडेतीन हजारांच्या आसपास सपाट झालं होतं. रेघ सुरेख होती. मी विचारलं, "घनता किती आणि सेल केवढा?" उत्तर आलं, "घनता खरी घातलीय, घनमीटरला १०० अब्ज. सेल चार सेंटिमीटर."

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी गणित मांडलं. ३०० केल्विन आणि ही घनता घेतली तर डीबाय लांबी येते ३.८ मिलिमीटर. सेल तिच्या दहापटीहून मोठा होता. ग्रिडवर विद्युतभार वाटताना आपण नेहमीची रेषीय पद्धत वापरतो. तिच्यात सेल डीबाय लांबीच्या साधारण तिपटीपेक्षा मोठा झाला, की प्लाझ्मा आपोआप तापू लागतो. तापला की डीबाय लांबी वाढते. ती सेलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचली की तापणं मंदावतं. चार सेंटिमीटरचा तिसरा हिस्सा १.३ सेंटिमीटर, म्हणजे मूळ डीबाय लांबीच्या सुमारे साडेतीनपट. डीबाय लांबी तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तापमान बारापटीच्या जवळ. ३०० गुणिले बारा. तिच्या प्लॉटवरचा सपाट आकडा मला तिचा प्लॉट न बघताही सांगता आला असता.

तिला म्हटलं, आज झोप. उद्या सेल दोन सेंटिमीटर कर, बाकी काहीही बदलू नकोस. दुसऱ्या दिवशी रेघ नऊशेच्या आत सपाट झाली. सेल निम्मा, तापमान चौथाई. खऱ्या अस्थिरतेला आपला सेल किती सेंटिमीटरचा आहे याची खबरही नसते.

मूळ चूक कुठे झाली तेही सापडलं. जुन्या इनपुट फाइलमध्ये घनता मुद्दाम शंभरपट कमी ठेवलेली होती, तिथे डीबाय लांबी ३.८ सेंटिमीटर होती आणि चार सेंटिमीटरचा सेल बरोबर बसत होता. तिने घनता 'खरी' केली आणि सेल तसाच ठेवला. हेतू चांगला होता, पण या दोन गोष्टी कायम जोडीनेच बदलाव्या लागतात.

हे असं का होतं? दोन सेलपेक्षा आखूड लाट ग्रिडला दिसूच शकत नाही. ती लांब लाटेचं सोंग घेऊन समोर येते आणि कणांना चुकीच्या वेळी ढकलते. ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा कधी कधी उलटा फिरताना दिसतो, तोच हा प्रकार. डीबाय लांबीपेक्षा आखूड लाटा प्लाझ्मा स्वतःच विझवतो. म्हणून सेल त्या मापाचा असला तर सोंग घ्यायला कुणी उरत नाही. मी स्वतः सेल डीबाय लांबीएवढाच ठेवते, आणि तोही सरासरी घनतेवरून नाही, तर रनमधल्या सर्वांत दाट जागेवरून काढते. लाट वाढली की काही ठिकाणी घनता वाढते आणि तिथली डीबाय लांबी आखडते.

पावलाचं गणित सोपं आहे. वरच्या खऱ्या घनतेला प्लाझ्मा वारंवारता सेकंदाला सुमारे १.८ कोटी रेडियन. ती गुणिले पाऊल हा आकडा २ च्या वर गेला की लीपफ्रॉग फुटतोच, पण नीट चालायला तो ०.१ ते ०.२ हवा. म्हणजे पाऊल ५ ते १० नॅनोसेकंदांचं. फार्ली-बुनेमनची तीन मीटरची लाट, जी पेरूमधलं हिकामार्काचं ५० मेगाहर्ट्झचं रडार बघतं, ती साधारण ४०० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. तिचं एक आवर्तन साडेसात मिलिसेकंदांचं, म्हणजे साधारण साडेसात ते पंधरा लाख पावलं. त्यात कुणी प्रकाशाच्या लाटा सोडवणारा पूर्ण विद्युतचुंबकीय कोड लावला, तर ३.८ मिलिमीटरच्या सेलला पाऊल नऊ पिकोसेकंदांवर येतं. पाचशेपटीहून जास्त खर्च, आणि या अस्थिरतेसाठी त्याची गरज नाही. इथे स्थिरविद्युत कोडच वापरा.

म्हणूनच लोक घनता कमी करतात आणि इलेक्ट्रॉन जड करतात. यात गैर काही नाही, पण कशाने काय मिळतं ते नीट लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉन जड केला की पाऊल मोठं घेता येतं, डीबाय लांबी मात्र तीच राहते, कारण तिच्यात वस्तुमान येत नाही. घनता कमी केली की दोन्ही सुटतात. अट अशी, की आयनांची प्लाझ्मा वारंवारता त्यांच्या तटस्थ कणांशी होणाऱ्या टकरींच्या वारंवारतेपेक्षा वर राहिली पाहिजे, नाहीतर अस्थिरताच मरते. इलेक्ट्रॉन जड केलात तर त्यांच्या टकरींची वारंवारताही त्याच प्रमाणात उतरवा, म्हणजे चक्रगतीशी असलेलं गुणोत्तर टिकतं.

चौथी तपासणी: शांत रन

आता थोडा क्लस्टर लागेल. बाहेरचं विद्युतक्षेत्र शून्य, टकरी बंद, डबा लहान, चारही बाजू आवर्ती, म्हणजे एका बाजूने बाहेर पडलेला कण समोरच्या बाजूने आत येतो. बाकी सगळं तुमच्या मोठ्या रनसारखंच ठेवा आणि तितकीच पावलं चालवा. या डब्यात काही घडायलाच नको. जी उष्णता दिसेल ती तुमच्या यंत्राची. मोठ्या रनमध्ये एकूण ऊर्जा टिकते का हे तपासण्यात अर्थ नसतो, कारण तिथे बाहेरचं क्षेत्र ऊर्जा ओततं आणि टकरी ती तटस्थ वायूकडे नेतात.

मुंबईत काम करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या, २ सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौर वादळ तिथे टिपलं गेलं. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं. त्यांच्या प्रवाहाने सुई हलली तर पृथ्वीचं किती आणि ट्रामचं किती हे कसं कळणार? म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. आणि वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीने घेतल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. मी कोडमध्ये काहीही बदललं की जुना आणि नवा रन असेच शेजारी-शेजारी चालवते. वेळ दुप्पट जातो, तो मला परवडतो.

शांत रन सपाट आला आणि मोठा रन तापला, तर ती उष्णता खरी असू शकते. फार्ली-बुनेमनच्या लाटा इलेक्ट्रॉन खरोखर तापवतात. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात, जिथे विद्युतक्षेत्र जोरदार असतं, तिथे रडारने हे पाहिलेलं आहे. विषुववृत्तावर क्षेत्र बरंच कमजोर असतं. तेव्हा इलेक्ट्रोजेटच्या रनमध्ये हजारो केल्विन दिसले तर आनंद करण्याआधी तिसऱ्या तपासणीकडे परत जा.

पाचवी: कण पुरेसे आहेत का

सरळ, संथ चढणाऱ्या रेघेचं नेहमीचं कारण हे. मोजके कण म्हणजे विद्युतक्षेत्रात गोंगाट, आणि गोंगाट कणांना सतत थोडं थोडं ढकलत राहतो. शांत रनमध्ये सेलमागचे कण दुप्पट करा. रेघेचा चढ निम्मा झाला तर निदान पक्कं. चढ तसाच राहिला तर कण वाढवत बसू नका, कारण दुसरीकडे आहे. गोंगाट मात्र कणांच्या वर्गमुळानेच कमी होतो, निम्मा करायला चौपट कण लागतात. म्हणून ही तपासणी पाचवी आहे, पहिली नाही.

सहावी: प्रोसेसर, बीज आणि रीस्टार्ट

तोच शांत रन एका प्रोसेसरवर आणि मग चार प्रोसेसरवर चालवा. चित्रात सरळ रेघा उमटत असतील आणि त्या बरोबर प्रोसेसरांच्या हद्दीवर येत असतील, तर कडेच्या सेलमधला विद्युतभार शेजाऱ्याला पोचत नाहीये. सगळ्या प्रोसेसरांना यादृच्छिक आकड्यांचं एकच बीज (ज्या आकड्यापासून ते तयार होतात) दिलं असेल तर प्रत्येकाकडे तेच कण जन्मतात आणि गोंगाट एकमेकांत मिसळून विरत नाही. बीजात प्रोसेसरचा क्रमांक मिळवा.

पायरीसारखी उडी रीस्टार्टची असते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा आमचं मशीन यूपीएसवर थोडा वेळ टिकलं आणि मग बंद पडलं. चेकपॉइंटवरून, म्हणजे मध्येच साठवलेल्या स्थितीवरून, पुन्हा सुरू केलेल्या रनमध्ये ऊर्जेला स्वच्छ पायरी दिसली. कोड रीस्टार्टलाही नवी सुरुवात समजून वेग परत अर्धं पाऊल मागे ढकलत होता. तपासायला सोपं आहे: शंभर पावलं सलग चालवा, मग पन्नासवर थांबवून पुन्हा सुरू करा आणि दोन्हींचा शेवट ताडून बघा.

सातवी: टकरी

इथवर सगळं ठीक असेल तरच टकरी चालू करा. एका पावलात टकरीची शक्यता एक दशांशाच्या बरीच खाली हवी, नाहीतर एका पावलात दोन टकरी व्हायच्या तिथे एकच मोजली जाते. आयन ज्या तटस्थ कणावर आदळतो त्याचा वेग तटस्थ वायूच्या तापमानाच्या मॅक्सवेल वितरणातून (त्या तापमानाला कणांचे वेग जसे विखुरलेले असतात त्यातून) काढला आहे का? तिथे शून्य वेग धरलेला असेल तर आयन थंड होत जातात. 'ऊर्जा उतरते'चं दुसरं कारण हे.

इथे थांबा

विद्युतभार ग्रिडवर वाटताना आणि ग्रिडवरून बल उचलताना एकच वजन-पद्धत हवी. ती वेगळी असेल तर कण स्वतःच स्वतःला ढकलतो. एकच कण रिकाम्या डब्यात स्थिर ठेवून बघा, तो हलला तर दोष इथे आहे. ही चाचणी जरूर करा, पण दुरुस्ती स्वतः करू नका. पॉइसनचा सॉल्व्हर (विद्युतभारावरून क्षेत्र काढणारा भाग), विद्युतभार वाटणारा भाग, प्रोसेसरांमधली देवाणघेवाण या तीन ठिकाणी हात घालायचा असेल तर ज्याने कोड लिहिला किंवा जो तो सांभाळतो त्यालाच बोलवा. एक लाखभर पावलांनंतर उगवणारी चूक तिथे घालून ठेवणं फार सोपं आहे.

तेच बीज, तीच फाइल, एकच प्रोसेसर, आणि तरी क्लस्टरमधल्या एका ठरावीक नोडवरच (संगणकावरच) उत्तर वेगळं येत असेल, तर तो मेमरीचा दोष असू शकतो. नोडचा क्रमांक लिहून क्लस्टर सांभाळणाऱ्यांना कळवा. स्वतः मशीन उघडू नका आणि त्या नोडवरचे आधीचे निकाल बाजूला ठेवा.

आणि तुम्हाला खरी घनता, खरं वस्तुमान आणि शेकडो मीटरचा डबा हे सगळं एकदम हवं असेल, तर साधा पिक त्यासाठी नाही. संध्याकाळनंतर जीपीएस बिघडवणारे प्लाझ्मा बबल तर कित्येक किलोमीटरचे असतात, तिथे प्लाझ्माला कणांऐवजी वाहता द्रव मानणारं द्रव-प्रतिमान लागतं. इम्प्लिसिट (मोठं पाऊल घेऊ देणाऱ्या) किंवा हायब्रिड (आयन कण आणि इलेक्ट्रॉन द्रव मानणाऱ्या) पद्धतीकडे जायचं तर संख्यात्मक प्लाझ्माच्या जाणकाराबरोबर आधी तासभर बसा.

जाणकाराकडे जाताना चार गोष्टी बरोबर न्या: इनपुट फाइल, कोडने छापलेले ते चार आकडे, शांत रनची ऊर्जा, आणि सेल निम्मा केल्यावरची ऊर्जा. प्लॉटचा स्क्रीनशॉट पुरत नाही, आकड्यांची फाइल द्या. रेघेचा चढ त्यातूनच मोजता येतो.